सुवेजपर्यंत अनवाणी

भाड्यानं खोली घेताना माणूस काय काय पाहतो? उजेड आहे का, संडास आत आहे का, पाणी येतं का. मीही तेवढंच पाहिलं. घरमालक कोणत्या खात्यातून रिटायर झालाय हेही विचारायचं असतं, ही अक्कल मला तेव्हा नव्हती. मास्तर असता तर चाललं असतं. पोस्टातला असता तर सोन्याहून पिवळं. माझ्या नशिबी आले सिंचाई विभागातले. त्यांची सगळी नोकरी नहरीवर, म्हणजे कालव्यावर, गेलेली. गेट उघडायचं, गेट बंद करायचं आणि मधल्या वेळात नहरीत मोटर टाकून पाणी चोरणाऱ्याला पकडायचं. रिटायर झाले तेव्हा गेट गेलं, चोरही गेले. मग त्यांना मी सापडले.

मी पांढुर्ण्याची. सौसरच्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा रोज बसचे धक्के नकोत म्हणून ह्या घरमालक काकांच्या घराची वरची खोली घेतली. शनिवारी घरी, सोमवारी परत. छतावर टाकी, टाकीतून एक पाईप माझ्याकडे, पाईपला एक कॉक आणि त्या कॉकची चावी काकांच्या करदोट्याला. एकुलती एक भाडेकरू, आणि तिला पाण्याची बारी, नहरीवरच्या शेतकऱ्यासारखी पाळी! सकाळी काका खालून हाक देत, "मॅडम, सोडलं!" आणि थोड्या वेळानं, "मॅडम, बंद!" मधल्या वेळात माणसानं काय ते उरकायचं.

एकदा डोक्याला शाम्पू आणि पाणी गेलं. मी तशीच टॉवेल गुंडाळून जिन्यात आले.

"काका, माझ्या डोक्याला साबण आहे!"

"बारी संपली, मॅडम."

"अहो पण डोकं!"

"तुमी कपडे आधी धुतले, डोकं टेलले ठेवलं. टेलवर पानी नाही पोचत. पहिले डोकं, मंग कपडे. उद्यापासून ध्यानात ठेवजा."

टेल म्हणजे नहरीचं शेवटचं टोक. त्यांच्या हिशेबानं सगळं जग एक नहर होती आणि प्रत्येक जण तिच्यावर कुठं ना कुठं बसलेला होता. लग्नाच्या पंगतीत बुंदी शेवटच्या पानापर्यंत पोचली नाही की हे उठून वाढप्याला जाब विचारणार. माझ्या मोरीतलं पाणी कुठं जातं ते पाहायला काठी घेऊन नालीच्या कडेनं चालत जाणार. "नहरीवर भरोसा ठेवा, नहरीवाल्यावर ठेवू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही स्वतः कोण होता हो, असं मी विचारलं की म्हणायचे, "म्हनून तर सांगून राह्यलो."

ह्या माणसाचा मुलगा जहाजावर होता. एकुलता एक, निलू. सौसरपासून कोणत्याही बाजूला तोंड करून चालत सुटा, समुद्र काही लवकर सापडायचा नाही. पण पोरगं नहरीत पोहून मोठं झालेलं. त्याला पाणीच आवडायचं. शिकून मालवाहू जहाजावर डेकचा खलाशी झाला. गुजरातच्या बंदरातून कंटेनरचे डबे भरायचे आणि युरोपात नेऊन उतरवायचे, अशी त्या जहाजाची फेरी होती. झालं! काकांचं खातं आता साऱ्या पृथ्वीवर पसरलं. त्यांनी बाजारातून जगाचा भलामोठा नकाशा आणला, ओसरीतल्या भिंतीवर खिळे ठोकून लावला, आणि शाळेतून दमून आलेल्या बाईला रोज संध्याकाळी तिथं उभं करायला सुरुवात केली.

"मॅडम, हे सुवेज. याले गेट किती?"

"गेट नाहीत काका. दोन्हीकडचा समुद्र जवळजवळ एकाच पातळीत आहे. जहाज सरळ जातं."

"गेट नाही?"

"नाही."

"एकबी नाही?"

"एकही नाही!"

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही ते गेट मीच विकून खाल्लं. "मंग ते नहर कायची? नाला म्हना."

पनामावर मात्र जीव जडला. तिथं जहाजाला पाण्याच्या पायऱ्यांनी वर चढवतात, एक कप्पा भरायचा, जहाज वर उचलायचं, पुढचं गेट उघडायचं, असं सांगितल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा चहा विचारला. चाव्या कोणाजवळ राहतात, रात्रपाळीला कोण असतं, गेटमनला क्वार्टर देतात का, सगळं विचारून झालं. मला काय माहीत गेटमनच्या क्वार्टरचं! आणि बोलण्याच्या भरात मी मूर्खासारखी म्हणून गेले की पाऊस कमी झाला की तिथलं तळं आटतं, मग त्यांनाही जहाजं कमी सोडावी लागतात. काकांनी मांडीवर थाप मारली. "काय सांगून राह्यलो मी तुमाले? पनामालेबी बारी लावाच लागते!" दुसऱ्या दिवसापासून माझं पाणी आणखी कमी झालं.

काकूंना मी म्हणायची, तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत हो ह्यांच्याजवळ? काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लगन झालं तवा नहर कोरडी होती बाई. मले काय मालूम."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर सगळं ठीक होतं. मग त्या हिवाळ्यात बातम्या यायला लागल्या, की सुवेजला जायच्या वाटेवर, लाल समुद्रात, जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर बंडखोर क्षेपणास्त्रं सोडताहेत. आंबिया बहाराची संत्री तोडून संपत आली होती. गावात सगळे भावाचं बोलत होते आणि ह्या एका घरात टीव्हीपुढे दोन म्हातारी माणसं जहाज जळताना पाहत बसायची. निलूचं जहाज गुजरातमधून नुकतंच सुटलं होतं. काकू आपलं ताट तसंच झाकून ठेवायच्या. काकांकडून माझ्या बारीचा वेळसुद्धा चुकत होता. एक दिवस तर पाणी दिवसभर चालू राहिलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मंगळवारी काका जामसांवलीला गेले. मारुतीला जाऊन आले ते पायी, आणि अनवाणी. मला वाटलं, देवळातून चपला कोणी पळवल्या.

"नाही. सोडून आलो. नवस बोललो," काका पाय धूत म्हणाले. "निलूचं जहाज सुवेज पार करेस्तोवर पायात काही घालनार नाही."

"सुवेजच का काका? नुसतं सुखरूप पोचेपर्यंत म्हणायचं."

"तुमाले नाही समजत. नहरीत शिरलं का सरकारी हद्द. गोळीबार, चोरीचपाटी, सारं बाहेर. नहर पार झाली म्हनजे झालं. देवाजवळ मोघम बोलाचं नसते. नाका सांगा लागते, ठिकाण सांगा लागते."

चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस देवाजवळसुद्धा अर्ज केल्यासारखाच बोलणार. मी म्हटलं, ठीक आहे, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, थंडीचे दिवस आहेत, हिंडू दे. काकांना शुगर होती, रोजची गोळी चालू होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

आठवड्याभरानं निलूचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला. आवाज तुटत होता, पण पोरगं खुशीत होतं.

"आई, घाबरू नको! कंपनीनं रस्ता बदलला! आता आम्ही लाल समुद्रात जातच नाही. आफ्रिकेले पूर्ण वळसा मारून खालून जाऊन राह्यलो. लांब पडते, पण धोका नाही!"

काकूंनी फोन कपाळाला लावला आणि रडायलाच लागल्या. मी धावत वर जाऊन डब्यातली साखर आणली. काकूंच्या तोंडात घातली, स्वतःच्या घातली, काकांच्या हातावर ठेवली. काका नकाशापुढे उभे. साखर तशीच मुठीत.

"म्हनजे सुवेजले जाऊन नाही राह्यला?"

"नाही बाबा!"

"येताना?"

"येतानाबी नाही. आता सारी जहाजं अशीच जाऊन राह्यली, वळशानं."

"नहर असून?" काका म्हणाले. आवाजात चक्क राग. "नहर बांधून ठेवली लोकायनं, अन् हे वळसा मारून राह्यले?"

अहो, तुमच्या मुलाचा जीव वाचला! मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेच बहुतेक. काकू आतून काकांच्या जुन्या सँडल शोधून घेऊन आल्या, धूळ पुसून पुढ्यात ठेवल्या. "घाला आता. झालं ना देवाच्या मनासारखं."

काकांनी पायानंच त्या बाजूला सारल्या. "नवस सुवेजचा हाय."

"पण जहाज सुवेजला जाणारच नाही!" मी म्हटलं.

"मंग मीबी घालनारच नाही."

इथून पुढचे महिने आठवले की अजून माझं डोकं फिरतं. समजावून समजावून जीव गेला. पालथ्या घड्यावर पाणी! मी म्हटलं, काका, देवाला तुमच्या मनातलं कळतं, धोका टळावा हेच मागितलं ना, टळला. काका म्हणाले, मनातलं कळत असतं तर तोंडानं बोला कायले लागते? मी म्हटलं, वळशानं का होईना, पोचला ना तो. तर म्हणे, "मारुतीनं समुद्र सरळ पार केला, मॅडम. वळसा नाही मारला. त्याच्यापुढं वळशाची गोष्ट कोन्या तोंडानं करू?" ह्यावर काय बोलणार तुम्ही? शिकवते मी भूगोल, आणि हा माणूस मला रामायण ऐकवतो!

काकूंनी गल्लीतल्या एका जाणत्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, अडचण असली तर नवस बदलून घेता येतो, एक नारळ फोडा, क्षमा मागा. काकूंनी मोठ्या आशेनं घरी येऊन सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं.

"महाराजाचं पोरगं कुठं हाय?"

"बँकेत."

"तेच."

झालं, महाराज निकालात निघाले.

मग ऊन तापायला लागलं. काकांचा थोडा संत्र्याचा बगीचा होता बोरगावकडे, तिथं रोज सकाळी चक्कर असायची. अनवाणीच. संत्र्याच्या झाडाला काटा नसतो म्हणतात, पण कलम बांधलेलं असतं जंबेरी लिंबाच्या खुंटावर, आणि बुंध्याशी जंबेरी फुटत राहते. तिला असतो काटा, चांगला सुईसारखा. छाटलेले फुटवे खाली पडलेले. कधी पाय पडला काकांनाही ठाऊक नाही. शुगरच्या माणसाच्या पायाला कळतच नाही.

मला कळलं ते जिन्यावर. सकाळी "सोडलं" म्हणून आवाज आला, मी बादली घ्यायला बाहेर आले, तर छतावरून उतरणाऱ्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे, आणि प्रत्येक डाव्या पावलात लाल. मी काका, काका करत खाली धावले. काका ओसरीत बसून पेपर वाचत होते. डाव्या पायाची करंगळी सुजून काळीनिळी, शेजारचं बोटही धरलेलं.

"अहो, दुखत नाही का तुम्हाला?"

"थोडी आग होते. उन्हाची असन."

डॉक्टर रागीट होते, आणि मला त्या दिवशी रागीट डॉक्टरच हवे होते. त्यांनी काकांना झाप झाप झापलं. पण उशीर झाला होता. नागपूरला न्यावं लागलं. करंगळी काढली. काकू बाहेर बाकड्यावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "निलूले सांगू नको वं बाई. पोरगं पान्यात हाय. तिथं कोन पुसन त्याले?"

नागपूरच्या डॉक्टरांनी खास बूट दिला. मऊ, उघडा, पट्ट्यांचा, अशाच पायांसाठी असतो तो. म्हणाले, घरातसुद्धा हा घातल्याशिवाय पाय जमिनीला टेकवायचा नाही. पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. काकांनी मान डोलावली, हो म्हणाले, पिशवी घेतली, आणि बूट नागपूरच्या त्या दवाखान्यातच बाकाखाली सोडून आले. सौसरला येऊन पाहतो तर पिशवीत नुसत्या गोळ्या! काकू त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र दोघींच्या वाटचं बोलून घेतलं.

शेवटचा उपाय म्हणून आम्ही दोघींनी खोटं बोलायचं ठरवलं. योजना माझीच. काकूंनी सांगायचं की निलूचा फोन येऊन गेला, कंपनीनं पुन्हा रस्ता बदलला आणि जहाज सुवेज पार झालं. मी दोन वेळा त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं. संध्याकाळी काका उठून बसल्यावर काकू चहा घेऊन गेल्या. मी दाराआड.

"अवो, फोन आल्ता निलूचा. पार झालं म्हने सुवेज."

काकांचा कप बशीतच राहिला. "पार झालं?"

"हो जी."

"कवा?"

"दुपारी."

"खूप येळ लागला असन."

आणि काकूंना चेव चढला. "लागला म्हने! गेट लवकर उघडलं नाही ना. मंग साहेबानं चाबी आनली, मंग उघडलं."

मी दाराआड कपाळावर हात मारला.

काकांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "सुवेजले गेट नाही," एवढंच म्हणाले. काकूंवर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

माझं डोकं मात्र फिरलं. मी बाहेर येऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "काका, पुरे झालं आता! ती बाई रोज रडते. तुमचं बोट गेलं, आता पाऊल जाईल, मग गुडघ्यापासून कापतील. कसली भक्ती आहे ही? नुसता हेका आहे! तुम्हाला कळत नाही का, की निलू सुखरूप आहे?"

"कळते," काका म्हणाले.

मी थांबले.

"सारं कळते, मॅडम. मी काय येडा हाय? वळसा मारला, धोका टळला, पोरगं खुशाल हाय. पन मी चप्पल घातली, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन नाही आला, तर? समुद्रच हाय. सुवेज नाही तर तिकडं आफ्रिकेच्या खाली काही झालं, तर? मी काय म्हनू हिले? का पाय वाचवला बावा मी माहा?" पट्टी बांधलेला पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला. "पाय गेला तर पाय गेला. मले भेव पायाचं नाही."

मला राग ठेवायचा होता. ठेवता येईना. त्याचाच आणखी राग आला. मी वर निघून गेले.

ह्याच्या तीन-चार दिवसांनंतरची गोष्ट. शाळेतून आले तर काकू ओसरीच्या पायरीवर, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "माह्या तोंडून निंगून गेलं वं. सकाळी फोन आल्ता त्याचा. बाबा कसे हाय म्हने. मले रडूच आलं. बोटाचं सांगतलं, नवसाचं सांगतलं, सारंच सांगतलं."

"बरं झालं. कळायलाच पाहिजे त्याला."

"तो म्हने, मी पाहतो काय कराचं ते."

त्याच संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी व्हिडिओ. काकूंना तो धरता येत नसे, म्हणून नेहमीप्रमाणे मीच धरला. निलू युरोपातल्या कुठल्यातरी बंदरावर उभा होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे डब्यांच्या थप्प्या.

"बाबा, आता मी सांगतो ते ऐका," तो म्हणाला. "इथं आमच्या कंपनीचं दुसरं एक जहाज उभं हाय. ते हिंदुस्थानात परत चाललं, पन वळशानं नाही. सुवेजवरून. एक खलाशी कमी हाय त्यात. जबरदस्ती नाही, जो आपल्या मर्जीनं हो म्हनते त्यालेच घेतात. मी हो म्हटलं."

काकूंचा हात माझ्या दंडावर आला.

"सुवेजवरून?" काका म्हणाले.

"हो. तुमचा नवस फेडून टाकतो ना बाबा. इकडून निंगालं का सुवेज आधीच येते. पार झालं रे झालं का मी फोन करतो. तिथल्या तिथं चप्पल घाला. मंग नाटक नाही कराचं."

काका लंगडत नकाशापाशी गेले. बोट वरून, युरोपावरून निघालं, भूमध्य समुद्रातून आडवं आलं, सुवेजवर टेकलं. तिथं थांबलं नाही. खाली सरकत राहिलं.

"अन् सुवेजच्या पुढं काय हाय, निलू?"

"मंग काय..."

"मंग काय हाय, सांग ना."

"लाल समुद्र," निलू म्हणाला.

"गोळीबार तिथंच होऊन राह्यला ना?"

फोनमध्ये क्रेनचा आवाज येत होता. "रोज नाही होत, बाबा," निलू म्हणाला.

काकूंनी माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. काका भिंतीकडेच तोंड करून उभे. मग वळले. मला वाटलं, आता शिव्या देणार. काका दाराकडे गेले. तिथं काकूंच्या जांभळ्या रबरी चपला पडल्या होत्या. काकांच्या त्या जुन्या सँडल काकूंनी मागेच रागानं कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या. काकांनी चौकट धरली आणि उजवा पाय एका चपलेत घातला. डावा पाय पट्टीमुळे शिरेना. वाकले, हातानं कोंबला. पट्टा ताणला गेला, चेहरा पिळवटला, पण कोंबलाच.

"मॅडम, फोन खाली धरा."

मी फोन खाली धरला.

"पाह्य, निलू. दिसून राह्यलं? घातली. दोनी पायात घातली. माहा नवस आज संपला. आता तिकडं जा अन् नाही म्हन."

"बाबा, तुमी काउन..."

"नाही म्हन म्हनतो ना!" काका किंचाळले. त्या माणसाला मी एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. 'बारी संपली' हेसुद्धा ते शांतपणे सांगत. "त्या जहाजावर पाय ठेवू नको. नाही म्हन. आत्ताच जा!"

"साहेब सकाळी भेटतात, बाबा. सकाळी सांगतो."

"सांग. अन् सांगून मले फोन कर."

फोन बंद झाला. काकू हळूच म्हणाल्या, "अवो, अन् मारुतीचं?"

"त्याचं मी पाहून घेतो," काका म्हणाले. "सांगतो त्याले, शब्द मी मोडला, पोरानं नाही. काय लिहाचं ते माह्या नावावर लिही."

मग काय विचारता! ज्या माणसाला चप्पल घाला, चप्पल घाला म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडत होतो, तो आता ती काढायलाच तयार होईना. जेवायला चपलेसकट. देवघरापुढून चपलेसकट. काकूंना देवघराचं पाहून धडकीच भरली, त्यांनी फडकं आणून मध्ये पडदा बांधला. पलंगावर टेकले तेही चपलेसकट. काकू पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अवो, चादर तरी पाहा! निदान झोपताना काढा."

"निलूचा फोन आला?"

"नाही."

"मंग राहू दे."

मी त्यांना विचारलं की चपला घालून झोपल्यानं तो साहेब निलूचं ऐकणार आहे का? काकांनी कूस बदलली. हात टेकले मी. डोकं धरून वर गेले. सकाळी शाळेची वेळ झाली तरी माझा पाय घरातून निघेना. हेडमास्तरांना खोटं कारण सांगितलं आणि येऊन ओसरीत बसले. काका खुर्चीवर, पायात जांभळ्या चपला, समोर स्टुलावर फोन. फोन वाजला तो विम्यावाल्याचा. काकांनी त्या बिचाऱ्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा कधी विमा विकणार नाही.

दुपारी निलूचा आला.

"सांगतलं बाबा. नाही म्हनून सांगतलं. जुन्याच जहाजावर हाय. वळशानंच येतो."

"पुन्हा सांग."

"नाही म्हनून सांगतलं. जुन्याच जहाजावर हाय."

"तुह्या मायले सांग."

काकूंनी फोन घेतला. त्यांना ऐकताच येत नव्हतं, नुसत्या हो, हो म्हणत होत्या आणि डोळ्याला पदर लावत होत्या. काका खुर्चीतच वाकले. आधी उजवी चप्पल काढली. डावी पट्टीला चिकटली होती, ती सोडवायला मी खाली बसले, तर माझा हात बाजूला सारून त्यांनी ती स्वतःच सोडवली. पट्टी ओली झाली होती. दोन्ही चपला एकत्र करून, त्यांनी त्या काकूंच्या पुढ्यात ठेवल्या.

"घे तुह्या," काका म्हणाले. "अन् मले माह्या मापाच्या आन."